दोरीवरच्या माणसाने वर बघायचं नाही

"बाई, जरा बाजूला सरका, तुमचं डोकं मध्ये येतंय," असं मला दर एअर शोला कोणी ना कोणी म्हणतंच. येणारच ना मध्ये! त्यासाठीच तर मला तिथे उभं केलेलं असतं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड दोरी बांधतात. दोरीच्या अलीकडे लोक, पलीकडे मोकळं गवत, मग धावपट्टी. आम्ही नारिंगी जॅकेटवाले गवताच्या बाजूने दोरीला लागून उभे. तोंड लोकांकडे, पाठ विमानांकडे. शो संपेपर्यंत वळायचं नाही.

हा नियम कर्नलचा. कर्नल म्हणजे आमचा मुख्य. सैन्यात तो एक दिवसही नव्हता, पोहण्याच्या तलावावर नोकरीला होता, पण मिशा आणि शिट्टी यांच्या जोरावर कर्नल झाला. तो दर वर्षी तेच सांगतो. "सगळे वर बघत असतात ना, तेव्हाच खाली घोळ होतो. कुणाचं पोर दोरीखालून पळतं, कुणाला चक्कर येते, कुणाचा खिसा कापला जातो. म्हणून दोरीवरच्या माणसाने वर बघायचं नाही. आभाळ फाटलं तरी नाही."

बाकीचे चोरून बघतात. माझ्या शेजारी उभा राहणारा पोस्टमन तर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकतो आणि स्वतःच्या पायांमधून मागे बघतो. एवढ्या वेळा नाडी सुटणारा माणूस घरोघरी पत्रं कशी पोचवतो, देव जाणे. मी बघत नाही, आणि मला त्याचे काही कष्टही पडत नाहीत.

इतर दिवशी मी दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथे दिवसभर लोकांना "आ करा, आ करा" म्हणावं लागतं. इथे न सांगता सगळे आ करून उभे. बाकी माणसं तीच. दवाखान्यातही रांग मोडतात, इथेही मोडतात. कोणी भलीमोठी छत्री उघडतो, कोणी पोराला खांद्यावर घेतो आणि वर मागच्यालाच दटावतो, कोणी ताटाएवढा टॅब डोक्यावर धरून अख्खा शो त्यातून बघतो, मागच्या दहा जणांना फक्त त्याचं मनगट दिसतं. बोलायला जावं तर चोराच्या उलट्या बोंबा.

त्यांच्याशी भांडायचं नसतं. भांडलं की त्यांना जोर चढतो. "नियम आहे" असंही म्हणायचं नाही, नियम म्हटलं की बऱ्याच जणांच्या अंगात येतं. आपण विचारायचं. "साहेब, ही छत्री तुमचीच का?" एवढं म्हटलं की निम्मे लोक कसनुसं हसून छत्री मिटतात. उरलेल्यांना काहीतरी काम द्यायचं. "ताई, तुम्ही समजूतदार दिसता, या आजोबांना जरा पुढे घ्याल का?" समजूतदार म्हटल्यावर माणूस अर्धा तास तरी समजूतदार राहतो. त्यापलीकडे कोण कुणाला सुधारतंय!

पूर्वी मला हे जमलं नसतं. माझ्या नाकावर माशी बसत नसे. भाजीवाल्याने एक टोमॅटो नासका घातला तर अर्धी गल्ली गोळा करायचे मी. आता लोक म्हणतात, काय शांत बाई आहे! शांत कसली? आत काही हलतच नाही, त्याला मी काय करू?

याच मैदानावर आमचे हे पडले. ते शोमध्ये विमान उडवायचे. मी तेव्हा घरच्या लोकांच्या तंबूत पहिल्या रांगेत दुर्बीण डोळ्याला लावून बसले होते, त्यामुळे मला सगळं नीट दिसलं. पुढच्या वर्षी मी कर्नलकडे जाऊन दोरीवरचं काम मागितलं. त्याचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, केवढं धैर्य, केवढी त्या मैदानाची ओढ! वाटू दे. आमचं घर मैदानाला लागून आहे. शोच्या दिवशी घरी बसलं तर तो आवाज स्वयंपाकघरात येतो आणि भांडी वाजतात, मग माणूस खिडकीशी जातोच. जिथे वर बघायला मनाई आहे अशी जागा सगळ्या परिसरात एकच होती, आणि ती मला मिळाली.

मग लेकीनेही तेच धरलं. विमान शिकायला जाते असं तिने सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चिरत राहिले. ती थोडा वेळ दारात थांबली आणि गेली. आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला दोघी लागतात. तिला उडताना मी कधी पाहिलेलं नाही, आणि तिने ते मला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

यंदा मात्र शोमध्ये ती पहिल्यांदाच उडणार होती. ही मंडळी उडण्याआधी आपला सगळा खेळ जमिनीवर चालून बघतात. हाताचा पंजा म्हणजे विमान. पंजा वर, पंजा उलटा, पंजा खाली, आणि आपण त्याच्यामागे पावलं टाकत फिरायचं. हेही असेच दिवाणखान्यात फिरायचे, पाहुणे आले की त्यांना वाटायचं याचं डोकं फिरलंय. त्या दिवशी सकाळी लेक स्वयंपाकघरात फिरत होती. मी कप धूत होते.

"इथून वर जाते," ती सांगत होती. "इथे पालथी होते. मग दोन गोल. मग इथे..." पुढचं मला ऐकू आलं नाही. नळ चालू होता. मी बंद करू शकले असते, पण केला नाही. ती आपली माझ्या पाठीला सगळं सांगत होती.

शेवटी तिनेच पुढे होऊन नळ बंद केला. "आई, ऐक. माझा नंबर असेल तेव्हा एकदा वर बघ. एकदाच. मग आयुष्यात परत कधी बघू नकोस, मी म्हणणार नाही."

"मी कामावर असते गं."

"तो पोस्टमन बघतो, सगळे बघतात."

"कर्नल ओरडतो."

"कर्नल तुला ओरडेल?" ती हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "आई, बाबांचं मला काही सांगू नकोस. फक्त मला बघ. मी कशी उडवते ते तुला माहीतच नाही."

"बघू," मी म्हटलं. 'बघू' म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तरी तिने माझा ओला हात घट्ट धरला आणि गेली.

त्या दिवशी गर्दी अशी की मुंगीला वाट नाही. मी उभी राहते न राहते तोच एक गृहस्थ अॅल्युमिनियमची शिडी खांद्यावर घेऊन लोकांच्या डोक्यांवरून वाट काढत आला. मागून बायको, तिच्या हातात खाण्याचा डबा आणि गुंडाळलेली सतरंजी. माणसं दोन आणि सतरंजी दहा जणांची. ती अंथरून झाल्यावर त्याने शिडी उघडली ती थेट एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घडीच्या खुर्चीपुढे. मास्तरांनी दोनदा "अहो" केलं. शिडीवाला चढून बसला.

"साहेब, ही शिडी तुमचीच का?" मी विचारलं.

"नाही, सासऱ्यांची आहे. का?"

"मागच्यांना दिसत नाहीये."

"मग त्यांनीही आणायची. मी काय कुणाचे हात धरलेत?"

"पडाल, म्हणून म्हटलं."

"पडलो तर पडलो!" तो मोठ्याने म्हणाला, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असा. "अहो, कुणीतरी पडल्याशिवाय या शोला मजा कुठे आहे? गेल्या वर्षी नुसतेच गोल गोल फिरले आणि गेले. तिकिटाचे पैसे पाण्यात."

दोघे-चौघे हसले. पोस्टमनने चटकन माझ्याकडे बघितलं आणि तो पुढे यायला लागला. मी हातानेच त्याला थांबवलं. असं बोलणारा दर वर्षी एक भेटतोच. उचलली जीभ लावली टाळ्याला. पहिल्या वर्षी असं ऐकलं तेव्हा मी वाट बघितली होती, की आता मला राग येईल, रडू येईल. काही आलं नाही. नंतर वाट बघणंही सोडलं.

"साहेब, फोटो काढणार ना तुम्ही?" मी म्हटलं. "इथून ऊन समोर येतं. त्या खांबापाशी शिडी लावलीत तर ऊन पाठीमागे राहील."

त्याने वर बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि शिडी उचलली. मास्तरांनी मला हात जोडले. पण खांबापाशी आधीच दोन शिड्या होत्या, त्याच्यापेक्षा उंच! मग तो शिडी तिथेच टाकून, कोपराने लोकांना बाजूला सारत परत आला आणि थेट माझ्यासमोर दोरीला पोट लावून उभा राहिला.

"तुम्ही मला मुद्दाम पाठवलंत," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

शो सुरू झाला. मला विमानं लोकांच्या हनुवट्यांवरून कळतात. हनुवट्या डावीकडून उजवीकडे गेल्या की सरळ उड्डाण, सगळ्या वर गेल्या की विमान चढतंय, डोळे बारीक झाले की ते उन्हात शिरलंय. लहान मुलं कानांवर हात ठेवतात आणि म्हातारी माणसं आपोआप शेजारच्याचा हात धरतात. एक छत्री उघडली, ती मी मिटवली. एका बाईला ऊन लागलं, तिला पाणी दिलं. शिडीवाला एकसारखा दोरी पुढे ढकलत होता आणि मी ती एकसारखी मागे ढकलत होते.

मग भोंग्यावरून निवेदकाने लेकीचं नाव घेतलं. नुसतं नाव घेऊन तो थांबला असता तर तो निवेदक कसला? "वडिलांच्या पावलावर पाऊल," "याच आभाळात," असं बरंच काही त्याने गळा भरून सांगितलं. लोक जोरात टाळ्या वाजवत होते.

"हिचा बाप इथेच पडला होता म्हणे," शिडीवाला बायकोला म्हणाला. मग मला म्हणाला, "हो ना हो बाई? तुम्ही असता ना दर वर्षी?"

"हो," मी म्हटलं. "दोरी सोडा."

हनुवट्या वर गेल्या. तिच्या विमानाचा आवाज ह्यांच्या विमानापेक्षा हलका होता, एवढं मला कळलं. हनुवट्या फिरल्या, एकदा, दोनदा. हे ते दोन गोल असणार. लोक "अरे वा!" म्हणायला लागले. मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. वळावं असं माझ्या मनात आलं का? आलं. खरंच आलं. डावा पाय थोडा हललाही. पण मान काही वळेना. वळून काय दिसणार, ते मी आधीच बघून ठेवलंय असं वाटत राहिलं.

आणि मग आवाज बंद झाला.

कमी नाही झाला, बंदच झाला. एवढं मोठं मैदान, पण कुठेतरी लांब डब्याचं झाकण पडलं तेही ऐकू आलं. माझ्यासमोरचे सगळे चेहरे हळूहळू खाली यायला लागले. हनुवट्या खाली, आणखी खाली. लोकांनी फोन खाली घेतले. ज्यांनी दिवसभर एकमेकांना जागा दिली नव्हती त्यांनी एकमेकांचे खांदे धरले. एक बाई "नको, नको, नको" म्हणत होती. हे चेहरे मी ओळखते. त्या दिवशी मी दुर्बीण खाली ठेवून मागे वळले होते तेव्हा तंबूत सगळ्यांचे चेहरे असेच होते.

पोस्टमन वळला. नाडीचं निमित्त वगैरे काही नाही, सरळ वळला. त्याच्या पलीकडची वळली, तिच्या पलीकडचा वळला. दोरीवरची सगळी नारिंगी रांग धावपट्टीकडे तोंड करून उभी राहिली. मी नाही वळले. माझ्या मनात एकच शब्द आला, गेली. बस चुकल्यावर म्हणावं तसं. मग मनात आलं, सकाळी उद्यापासून एकच कप. मी आणखी कशाची तरी वाट बघत उभी होते, पण आणखी काही आलं नाही.

तेवढ्यात शिडीवाला दोरीखालून आत घुसला. मी त्याच्या छातीवर हात ठेवला.

"मागे व्हा, साहेब."

"अहो सोडा!" तो ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ती पडतेय! पळा ना कुणीतरी! अहो, कुणाचं तरी पोर आहे हो त्यात!"

त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धाडधाड उडत होतं. माझं मला काही जाणवत नव्हतं. "मागे व्हा, साहेब," मी परत म्हटलं. "दोरीच्या मागे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी माणूस नव्हेच. नंतर माझ्या डोक्यावरून त्याची नजर गेली आणि तिथेच थांबली. माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, खाली, इंजिन एकदम खाकरलं आणि गरजलं. गवत माझ्या पायांना चिकटलं, जॅकेट फडफडलं, आणि हनुवट्या सगळ्या एकदम वर गेल्या, वर, आणखी वर. एवढा मोठा ओरडा मी त्या मैदानावर कधी ऐकला नव्हता. लोक हसत होते, रडत होते, अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. शिडीवाला मटकन गवतात बसला, दोरीच्या चुकीच्या बाजूला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देऊ लागला.

"मुद्दाम होतं ते," पोस्टमन म्हणाला. त्याचे डोळे पुसायचे राहिले होते. "खेळातच होतं वहिनी! इंजिन बंद करून उतरत यायचं आणि परत चालू करायचं. बापरे, पण केवढं खाली आली पोर!"

नळ चालू असताना ती हेच सांगत असणार.

शिडीवाल्याला मी हाताला धरून उठवलं आणि दोरीखालून पलीकडे नेलं. बायकोने त्याला पाणी दिलं. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही बघितलंच नाही."

"मला काम आहे," मी म्हटलं.

शो संपला, माणसं गेली, दोरी गुंडाळली. कर्नलने सगळ्यांना रांगेत उभं करून झापलं. एक पोर जरी तेव्हा आत पळालं असतं तर, असं म्हणाला. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "आज अख्ख्या दोरीवर एकच माणूस होतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याआधी तो लेकीलाही बोलून आला होता. ठरल्यापेक्षा ती बरीच खाली आली होती. पुन्हा असं केलंस तर या मैदानावर पाय ठेवू देणार नाहीत, असं तिला बजावलं होतं.

ती गाडीत बसून माझी वाट बघत होती. मी शेजारी बसले. तिने गाडी चालू केली नाही. तिच्या कपाळावर हेल्मेटचा वळ होता.

"ओरडले ना तुला?" मी विचारलं.

"हो."

"चुकून झालं का?"

"नाही." तिने दोन्ही हात चाकावर ठेवले होते आणि ती समोर बघत होती. "वरून नारिंगी जॅकेटं स्पष्ट दिसतात, आई. रांगच दिसते. सुरुवातीला सगळ्या पाठीच होत्या. इंजिन बंद केल्यावर एकेक जण वळायला लागला. एक वळला, दुसरी वळली. सगळे वळले. एकच पाठ राहिली."

मी जॅकेटची चेन वर-खाली करत राहिले.

"इंजिन कुठे चालू करायचं ते ठरलेलं होतं," ती म्हणाली. "ती जागा आली. मला वाटलं, आई आता वळेल. म्हणून थोडं थांबले. मग वाटलं, आता वळेल, आणखी थोडं. मग आणखी थोडं."

ती एवढंच बोलली आणि किल्लीकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं. मला तिला 'बघते गं बाई, पुढच्या वेळी बघते' असं म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्दच फुटेना, आणि माझे हात, पाय, दात, सगळं लटलट कापायला लागलं. दुपारी जी भीती वाटायला हवी होती ती तेव्हा वाटली, अख्खी एकदम.

"आई, दुखतंय," ती म्हणाली.

मी सोडलं नाही.